अनुदानासाठी लिहिलेली गोष्ट

आमची संस्था रत्नागिरीत, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत, एका औषधांच्या दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन त्यांची शुश्रूषा करायची, हे आमचं काम. जखमा धुवायच्या, नळी बदलायची, कूस कशी बदलायची ते घरच्यांना शिकवायचं. एका निवृत्त डॉक्टरांनी ही संस्था सुरू केली. डॉक्टर पैसे घेत नाहीत. पण सिस्टरचा पगार, गाडी, ड्रायव्हर, कापूस, मलमं, हवेच्या गाद्या हे सगळं मुंबईच्या एका फाउंडेशनच्या अनुदानावर चालायचं. ते अनुदान होतं म्हणून आमची गाडी आठवड्यातले पाच दिवस पावस गावापासून आतल्या वाड्यांपर्यंत फिरायची.

मी तिथे आले ती लिहिण्यासाठी. त्याआधी खाजगी क्लासमध्ये मराठी शिकवत होते. क्लास बंद झाला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "तुम्ही चांगलं लिहिता. आमचे अहवाल कोणी वाचत नाही, कारण ते मी लिहितो." मी हसले आणि दुसऱ्या दिवसापासून जायला लागले. दर तीन महिन्यांनी किती घरी गेलो, किती जखमा भरल्या, किती माणसं गेली, याचा तक्ता मी भरायची आणि खाली दोन परिच्छेद लिहायची.

माझं दुसरं वर्ष संपत आलं तेव्हा अनुदानाची मुदतही संपत आली. फाउंडेशनकडून आमचं काम बघणारी मुलगी मुंबईहून फोन करायची. गोड बोलायची, मला ताई म्हणायची. त्या दिवशी तिचा आवाज जरा दबका होता.

"ताई, या वेळी ट्रस्टी नवीन आहेत. तक्ते तर सगळेच पाठवतात हो. तुम्ही एक केस स्टोरी पाठवा ना. एकाच माणसाची, फोटोसकट. वाचून आत काहीतरी हललं पाहिजे."

"आणि नाही हललं तर?"

"तर माझ्या हातात फारसं राहणार नाही," ती म्हणाली.

मी सिस्टरला विचारलं, कोणाचं लिहू या? सिस्टर मूळची सावर्ड्याकडची, पस्तिशीतली, कामाला वाघीण. ती म्हणाली, "वरच्या वाडीतल्या काकी. बोलतात छान. आणि फोटोला नाही म्हणणार नाहीत."

या काकी साठीच्या. तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. नवरा आधीच वारलेला. एकुलता मुलगा मुंबईत एका कुरियर कंपनीच्या गोदामात कामाला, बायको-मुलांसह ठाण्याजवळ दिव्याला राहायचा. काकींचं सगळं त्यांची जाऊ करायची. तिचं घर खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, पलीकडेच होतं.

सिस्टरबरोबर मी गेले. घर बघून जरा चमकलेच. मुलानं दोन वर्षांपूर्वी पुढे दोन खोल्या स्लॅबच्या बांधलेल्या, खाली पांढऱ्या टाइल्स, भिंतींना आंब्याच्या मोहरासारखा फिका पिवळा रंग. काकींचा पलंग खिडकीशी. डोक्यावर पंखा, उशाशी मोबाइल. अर्धं तोंड वाकडं असल्यानं शब्द जरा घसरायचे, पण कळायचं सगळं.

"पोरानं बांधलंन हे," त्यांनी आल्या आल्या सांगितलं. "पंखा पण त्यानंच लावलान. रोज सकाळी फोन करतो. कामावर जायच्या आधी."

जावेनं चहा आणला. बोलता बोलता तिनं सांगितलं की पोरगा दर महिन्याला तिला पैसे पाठवतो, कारण काकींचं करायचं म्हणून तिनं काजूच्या कारखान्यातलं काम सोडलं. ती हे लपवत नव्हती. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतंच.

मी सगळं वहीत लिहून घेतलं. मग फोटोची वेळ आली. पिवळ्या भिंतीसमोर, टाइल्सवर, पंख्याखाली काढलेला फोटो मी मोबाइलवर बघितला आणि मला वाटलं, यानं कोणाचं काय हलणार? मागे जुनं स्वयंपाकघर होतं. भिंत जांभ्या दगडाची, गिलावा नसलेली, धुरानं काळी झालेली, एका छोट्या झरोक्यातून उजेड. मी सिस्टरला म्हटलं, "काकींना जरा तिकडे बसवू या का? उजेड बरा येईल."

सिस्टरनं माझ्याकडे बघितलं. तिनं आणि जावेनं मिळून काकींना खुर्चीवर बसवलं, खुर्ची उचलून मागे नेली. फोटो अप्रतिम आला. काळ्याभोर भिंतीपुढे तो वाकडा झालेला चेहरा, एका गालावर उजेड.

मी संमतीचा कागद काढला. काकींनी डाव्या हाताचा अंगठा उमटवला आणि विचारलं, "बाय, हे पोराला दिसंल काय?"

"नाही हो काकी," मी म्हटलं. "हे मुंबईच्या ऑफिसात जाणार. त्यांच्या कागदांत राहील."

तेव्हा मला ते खरंच वाटत होतं. पण खरंच तसं आहे का, हे मी कोणाला विचारलंही नव्हतं.

गोष्ट मी दोन दिवस लिहिली. पहिल्या मसुद्यात मुलाचा रोजचा फोन होता, पिवळा रंग होता. वाचून बघितलं तर गोष्ट कुठे उभीच राहीना. माणसाचं एवढं सगळं ठीक असेल तर आमची गरज काय? मग मी एकेक गोष्ट काढत गेले. आधी रंग गेला, मग टाइल्स, मग फोन. जावेच्या जागी 'दयाळू शेजारीण' आली, ती 'वेळ मिळेल तशी पेज आणून देते' असं झालं. 'मुलगा पोटासाठी मुंबईला गेला आणि तिथलाच झाला,' हे एक वाक्य लिहिलं. लिहिताना मला ते फार आवडलं होतं. शेवटी अंधाऱ्या खोलीत एक बाई दिवसभर दाराकडे डोळे लावून पडून आहे आणि आमच्या गाडीचा आवाज आला की तिचा चेहरा उजळतो, असं झालं.

यातलं एकही वाक्य सरळ खोटं नव्हतं, असं मी स्वतःला सांगत राहिले. मुलगा मुंबईला गेला होताच. स्वयंपाकघर अंधारं होतंच. जाऊ शेजारीच राहत होती.

डॉक्टरांनी वाचलं. चष्मा काढला. "मुलगा बघत नाही का हो तिचं?"

"वर्षातून दोनदा येतो," मी म्हटलं.

बाहेर ड्रायव्हर पावत्या घेऊन उभा होता, सिस्टरचा फोन वाजत होता. डॉक्टरांनी सही केली. त्या सहीबद्दल मी त्यांना कधी दोष दिला नाही. त्यांनी विचारलं होतं आणि उत्तर मी दिलं होतं.

अनुदान मिळालं. पुढच्या दोन वर्षांचं. त्या मुलीचा फोन आला तेव्हा ती आनंदानं ओरडतच होती. "ताई, एका ट्रस्टींनी मीटिंगमध्ये मोठ्यानं वाचून दाखवली. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या." मी त्या दिवशी सगळ्यांना आंबा बर्फी आणली. घरी जाताना रिक्षात मला सारखं हसू येत होतं. इतकी वर्षं मुलांचे निबंध तपासले, पण माझं लिहिलेलं वाचून कोणी रडल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

दीड महिन्यानं एका सोमवारी जिन्यावर पावलं वाजली आणि एक चाळिशीचा माणूस दारात उभा राहिला. खांद्याला सॅक, डोळे तारवटलेले. पहाटेच्या गाडीनं उतरून थेट आला होता. त्यानं मोबाइल माझ्यासमोर धरला.

"हे तुम्ही लिहिलंत?"

स्क्रीनवर काकींचा फोटो होता. फाउंडेशननं तो आपल्या पानावर टाकला होता, खाली माझी गोष्ट. काकींच्या गावच्या मुंबईकर मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणीतरी तो उचलून टाकला होता. नाव नव्हतं, पण तोंड होतं.

मी म्हटलं, "बसा ना."

"मी बसायला नाही आलो. मुलगा मुंबईचाच झाला म्हणजे काय झाला, मॅडम? मी रोज सकाळी आईशी बोलतो. पंधरा मिनिटं. गोदामात कोणालाही विचारा. घर बांधायला मी तीन वर्षं ओव्हरटाइम केला. ते घर कुठे आहे यात?"

डॉक्टर आतून आले. त्यांनी मोबाइल हातात घेतला, पूर्ण वाचलं, आणि मग माझ्याकडे न बघता त्याला म्हणाले, "चूक आमची आहे. आम्ही हे लगेच काढायला लावतो."

"काढून काय होणार? वाचायचं त्यांनी वाचलं. परवा मंडळाच्या सभेत एक जण मला म्हणाला, आईला दोन घास तरी देत जा रे. सगळ्यांसमोर." त्यानं मोबाइल खिशात टाकला. "चुलतीला तर तुम्ही शेजारीण करून टाकलंत. ती दोन दिवस रडतेय. आता तुमची माणसं आमच्या दारात येऊ देऊ नका."

चार दिवसांनी सिस्टर तरीही गेली, तर घराला कुलूप. जावेनं खळ्यात उभं राहूनच सांगितलं, "नेलान तिला मुंबईला. भाड्याची गाडी करून." आणि आत निघून गेली.

फाउंडेशनच्या त्या मुलीला मी फोन केला. तिनं पोस्ट लगेच काढली, पण म्हणाली, "ताई, आता हे इथेच थांबवू या. लेखी काही पाठवू नका. वरच्यांना कळलं तर उगाच वाढेल." मी तो दिवस गप्प राहिले, दुसराही राहिले. मग डॉक्टरांकडे गेले आणि म्हटलं, "मला फाउंडेशनला पत्र लिहायचंय. गोष्टीत मी काय काय काढलं ते सगळं सांगून."

"परिणाम माहीत आहे?"

"हो."

"पगार सिस्टरचा जाईल. तुमचा नाही," ते म्हणाले. ते बरोबरच होतं. माझा पगार ते वेगळ्या देणग्यांतून द्यायचे. मी सिस्टरकडे गेले. ती गॉजच्या घड्या घालत होती. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "खुर्ची उचलताना मीपण होते ना. लिहा."

पत्र गेलं. उत्तर आलं ते त्या मुलीचं नव्हतं, कोणा वरिष्ठ अधिकाऱ्याचं होतं. प्रामाणिकपणाबद्दल आभार मानले होते आणि सर्व माहितीची पडताळणी होईपर्यंत पुढचा हप्ता थांबवत आहोत, असं कळवलं होतं.

गाडी उभी राहिली. सिस्टर एसटीनं जमेल तिथे जायची, बाकीच्यांना फोनवर समजावायची. पावसच्या अलीकडे एक मच्छीमार होता, जबड्याचा कॅन्सर झालेला. त्याची जखम रोज धुवावी लागायची. त्याच्या बायकोला सिस्टर फोनवर सांगायची, आता कोमट पाणी घ्या, आता हलक्या हातानं दाबा. पलीकडून बाईचं रडणं ऐकू यायचं. पडताळणीला माणूस यायच्या आत तो गेला. डॉक्टर म्हणाले, तो जाणारच होता. मलाही ते माहीत होतं. पण तो कसा जातो, यासाठीच तर आम्ही होतो. खरं सांगितल्यानं मला बरं वाटेल अशी माझी कल्पना होती. त्या दिवसांत मला बिलकुल बरं वाटलं नाही. गोष्ट लिहून मी एका घराला दुखवलं होतं आणि पत्र लिहून दहा-बारा घरांना.

आणि मग एका दुपारी काकींच्या मुलाचा फोन आला. नंबर ओळखीचा नव्हता, आवाज लगेच ओळखला.

"आईला गावी आणलंय," तो म्हणाला. "पाठीला जखम झालीय. मोठी. सिस्टरना पाठवता का?"

गाडी नव्हती. मी आणि सिस्टर सकाळच्या एसटीनं निघालो. फाट्यावर उतरून सड्यावरून, उघड्या कातळाच्या पठारावरून, अर्धा तास चालत वाडीत पोचलो. सिस्टरच्या खांद्यावर औषधांची पिशवी, माझ्या डोक्यावर गुंडाळलेली हवेची गादी. मुलगा खळ्यात उभा होता. त्यानं पुढे येऊन गादी उतरवून घेतली.

जखम माकडहाडावर होती, मूठ जाईल एवढी. सिस्टरनं धुवायला घेतली. काकी दात आवळून खिडकीबाहेर बघत होत्या. मला ते बघवेना, मी बाहेर आले. मुलगा पायरीवर बसला होता.

"तिथे दिवसभर एकटी पडायची," तो म्हणाला. "मी कामावर, बायको कामावर, पोरं शाळेत. कूस कोण बदलणार? इथे चुलती दर दोन तासांनी बदलायची. तिकडे मला ते..." त्यानं हातातली काडी मोडली. "तुम्ही लिहिलेलं खोटं होतं, मॅडम. मी तिला नेली आणि मग ते खरं झालं."

"माझ्यामुळे नेलीत तुम्ही," मी म्हटलं.

"हो," तो म्हणाला. "तुमच्यामुळे." त्यानं ते रागानं म्हटलं नाही. आहे तसं म्हटलं.

ड्रेसिंग झाल्यावर काकींनी मला आत बोलावलं. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी डावा हात हलवला.

"सगळे सांगतात तू माज्यावर गोष्ट लिवलीस. मुंबईत शेजारणींनी पण सांगितलंन. मला कोणी वाचून दाखवली नाय. वाच."

माझ्या मोबाइलमध्ये ती होती. मी मुलाकडे बघितलं, तो दारात उभा होता. जाऊ पण येऊन टेकली होती. मी वाचायला लागले. क्लासमध्ये कविता वाचावी तसा माझा आवाज आपोआप लागला आणि मला स्वतःचीच किळस आली. पुढे मी सपाट आवाजात वाचलं. अंधारी खोली, दाराकडे लागलेले डोळे, शेजारणीची पेज. संपलं तेव्हा मी मोबाइल खाली ठेवला.

काकी म्हणाल्या, "बिचारी. कोण गो ही बाय?"

मी खाली मान घातली. जाऊ एकदम फसकन हसली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली.

"आता मी सांगतंय ते लिव," काकी म्हणाल्या. मी वही काढली. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. मुलानं टाइल घातल्या तेव्हा आधी हिरव्या आणल्या होत्या, त्यांना आवडल्या नाहीत म्हणून बदलून आणल्या. जाऊ पेजेत तूप घालते, पण मीठ कमी घालते. सिस्टरचा हात गार असतो. डॉक्टर फार प्रश्न विचारतात. पोटरीत गोळा येतो तेव्हा त्यांना मरण यावं असं वाटतं, आणि सकाळी फोन वाजला की वाटत नाही. हे शेवटचं सांगताना त्यांनी मुलाला बाहेर जायला सांगितलं होतं.

ते पान मी कुठेही पाठवलं नाही. त्यांनी पाठव म्हटलं नव्हतं.

जखम पूर्ण भरली नाही. सिस्टर आठवड्यातून दोनदा जायची, तिकीट स्वतः काढून. मुलानं गोदामातली नोकरी सोडली नाही, त्याला परवडणारही नव्हतं, पण तो महिन्यातून एकदा यायला लागला. माझ्याशी तो कामापुरतं बोलायचा. भातं कापणीला आली तेव्हा काकी गेल्या. बाराव्याला मी गेले. जावेनं मला पान वाढलं, पण माझ्याकडे बघितलं नाही. मुलगा निरोप द्यायला खळ्याच्या दगडी गडग्यापर्यंत आला आणि म्हणाला, "सिस्टरना सांगा, मी विसरणार नाही." माझ्याबद्दल तो काही म्हणाला नाही. मीही वाट बघितली नाही.

पडताळणी करणारा माणूस तीन दिवस फिरला, घरोघर विचारून गेला. काम खरं आहे, असा शेरा त्यानं दिला आणि अडलेला हप्ता आला. गाडी पुन्हा सुरू झाली, पण पाचाऐवजी तीनच दिवस, कारण मुदतीनंतर अनुदान वाढवणार नाही, असं त्यांनी आधीच कळवून ठेवलंय आणि आलेले पैसे पुरवून वापरायचेत. गोड बोलणाऱ्या त्या मुलीनं नोकरी सोडली, की तिला काढलं, मला कळलं नाही. तिचा नंबर लागत नाही. तिचंही नुकसान माझ्या हातून झालं असेल, हे मला कधी कधी खूप उशिरा आठवतं.

आता आम्ही दुसऱ्या एका फाउंडेशनकडे अर्ज केलाय. त्यांनाही गोष्ट हवी होती. या वेळी मी पावसकडच्या त्या मच्छीमाराच्या बायकोकडे गेले. ती रत्नागिरीच्या बाजारात मासे विकते. आधीच सांगितलं की हे कोणीही वाचू शकेल, तुमच्या ओळखीचेसुद्धा. लिहून झाल्यावर पुन्हा गेले आणि टोपल्यांच्या मागे तिच्या शेजारी बसून वाचून दाखवलं. मध्ये गिऱ्हाईक आलं की मी थांबायची. सिस्टरशी बोलताना ती फोनवर रडायची, हे वाक्य आलं तेव्हा ती म्हणाली, "ते काढा. नणंद वाचील." सगळ्या गोष्टीत जीव होता तो त्याच वाक्यात. मी पेन काढून तिच्यासमोर त्यावर रेघ मारली.

"आता बरं," ती म्हणाली आणि बांगडा माशांचा वाटा लावायला वळली.

अर्ज तसाच गेला. डॉक्टरांनी सही करण्याआधी या वेळी मला दहा प्रश्न विचारले. उत्तर अजून आलेलं नाही. सिस्टरनं परवा विचारलं, सिव्हिल हॉस्पिटलमध्ये जागा निघाल्यात, अर्ज करू का? मी तिला म्हटलं, कर. आणि तिचा अर्ज मीच लिहून दिला.